उमेशने सुचवलेलं एकच पुस्तक

उमेश गेल्याचं मला ऑफिसात शिवानीने सांगितलं. दुःख व्हायच्या आधी मनात आलं, हिला माझ्याआधी कसं कळलं? पंधरा वर्षांचा मित्र मी... दीड महिना झाला, आता कबूल करायला हरकत नाही.

तो साताऱ्याचा, मी नाशिकचा. लखनऊत एकाच कंपनीत भेटलो. संगणकाच्या पोटात मेमरी कशी वाटली जाते, एका वेळी दहा कामं कशी चालतात, हे सिस्टिम्स प्रोग्रामिंग नोकरी सांभाळून शिकायचं आम्ही ठरवलं. मी साहित्य जमवत सुटलो. पुस्तकं, व्हिडिओ, व्याख्यानं. यादी दोनशेवर गेली आणि मला तिचा कोण अभिमान! शिवानी आमच्या टीममध्ये नवी आली तेव्हा तिने दोघांनाही विचारलं, "सर, शुरू कहाँ से करूँ?" मी यादी पाठवली. उमेशने तिच्या टेबलावर एक जाडजूड पुस्तक ठेवलं. "पहले तीन चॅप्टर. हर सवाल खुद करना, फिर आना." वर्षभरात ती माझ्या पुढे गेली आणि अख्खं ऑफिस उमेशला विचारू लागलं. माझा नुसता जळफळाट.

निशातगंजला चहा पिताना एकदा विचारलंच, "खरं सांग यार, चांगलं काहीतरी लपवून ठेवतोस ना?"

तो हसला. "अरे, पूर्ण केलेलं तेवढंच मी सांगतो. एकच झालंय. दुसरं चालू आहे."

लबाड आहे, असंच मला वाटलं.

तेराव्यानंतर तेलीबागला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी खोली उघडून दिली. "भावजी, हवं ते घेऊन जा." मी खरोखर त्याचं गुपित शोधायलाच बसलो होतो. कपाटात निघाल्या नुसत्या वह्या. पानोपानी चुकलेले, काट मारलेले प्रोग्राम आणि खाली, "आज नाही जमलं." एकाच प्रश्नाची अशी अकरा पानं. माझ्या दोनशेंपैकी एकावरही मी अकरा पानं खर्च केली नव्हती.

दुसऱ्या पुस्तकातला एक प्रश्न अर्धाच राहिला होता. ती वही मी घरी आणली. तीन आठवडे चुकत राहिलो. परवा सकाळी प्रोग्राम चालला... आयुष्यात पहिल्यांदा मी उमेशच्या पुढे! त्याला जळवायला सवयीने त्याचाच नंबर लावला.

"बोला भावजी," पलीकडून वहिनी म्हणाल्या.

"वहिनी... उमेशचं ते अडलेलं सुटलं," एवढंच बोलता आलं. मी सोडवलं, हे सांगायचं राहूनच गेलं.