हलका म्हणून घेतलेला तंबू

मंडळी, चौकातल्या फलकावर हा कागद रागाच्या भरात लावतोय.

उद्या जीपने तोरणमाळला मुक्कामी जायचंय. झोपायला टपावर फळ्या बसवल्यात, वर हलका तंबू हवा होता. जड असला की घाटात जीप डुलते. म्हणून सकाळी मेव्हण्याला घेऊन विसरवाडीला गेलो. तिथे रस्त्याकडेला एकजण मागच्या लढाईतले लष्करी तंबू विकतो.

मेव्हणा कापसाचा व्यापारी. त्याने एकेक गठडी हातावर तोलली आणि सगळ्यात हलकी उचलली. मी म्हटलं, उघडून बघू.

"दाजी, उघाडीसन काय दखतस? मी रोज कापूस पारखस!"

घरी टपावर उभारला. एका बाजूला कापड, दुसऱ्या बाजूला आभाळ, आणि काठाला गुंड्यांची रांग. अर्धाच तंबू! दोन शिपाई आपापला अर्धा जोडून झोपतात, हे त्या चोराने सांगितलंच नाही. तसाच परत गेलो, तर दात काढत म्हणतो, "दुसरा अर्धा तुमच्याच नंदुरबारचा एकजण घेऊन गेला. त्यालाही हलकाच हवा होता."

मेव्हणा अजून म्हणतोय, "पण हलका ते शे ना, दाजी!"

तो दुसरा शहाणा कोण? समोर ये. आणि तुझाही मेव्हण्यानेच निवडला का, ते आधी सांग.