उजव्या ऑल्टवरची टिकली

कळंबला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर नसरीन मॅडमचा जर्मनचा क्लास. नर्सिंग झालेल्या पोरी तिथं जर्मन शिकतात आणि नोकरीला थेट जर्मनीला जातात! वर काही बिघडलं की हाक मला येते. त्यामुळं दुकानात गिऱ्हाइकांचे विसरलेले पेन जसे साठतात, तसे माझ्याकडं या क्लासचे किस्से साठलेत. न्यायला कुणी येत नाही, म्हणून चहाला बसलो की मीच वाटत सुटतो.

*

क्लासचे लॅपटॉप सेकंडहँड. इतके जुने की त्यांच्यावर लिनक्स नावाच्या फुकटच्या सिस्टिमशिवाय काही चालत नाही. आता जर्मनमध्ये काही अक्षरांच्या डोक्यावर दोन टिंबं असतात आणि ती काही केल्या टाइप होईनात. मी आपला सल्ला दिला, "मॅडम, टिंबं सोडून द्या की! नुसतं अक्षर लिहिलं तर कोण बघतंय?"

मॅडमनी चष्मा काढला. "गणेशभाऊ, उद्या माझी पोरगी तिथं पेशंटचं नाव अर्धवट लिहिणार. मग सलाईन कुणाला लावायची? तुम्हाला?"



*

मग मॅडमनी स्वतःच सेटिंग उघडलं आणि सगळ्या लॅपटॉपला जर्मन कीबोर्ड लावून टाकला. दुसऱ्या दिवशी एकही लॅपटॉप उघडेना! पोरींनी पासवर्ड टाकला, मी टाकला, नुसतं 'चुकीचा पासवर्ड'. मी म्हटलं, झालं, सगळे एकदम गेले.

मॅडम डोळे मिटून बसल्या होत्या. एकदम ओरडल्या, "अगं, वायच्या जागी झेड दाबा!" जर्मन कीबोर्डवर या दोन अक्षरांची अदलाबदल असते, आणि पासवर्ड होता येडशी. पटापट सगळे उघडले.

मी म्हटलं, "मॅडम, पासवर्डच बदलून टाकू."

"येडशी माझं माहेर आहे भाऊ. माहेर बदलत नसतंय. कीबोर्ड बदलू!"

*

आणि खरंच बदलला. पुन्हा साधा कीबोर्ड लावला आणि कुठूनतरी 'कंपोज की' नावाची युक्ती शोधून काढली. उजवीकडचं ऑल्टचं बटण दाबायचं, मग अवतरणचिन्ह, मग अक्षर. टिंबं हजर! बाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. वाचत बसल्या, चुकत बसल्या आणि जमवलं. मला तर तेव्हाच हात जोडावेसे वाटले.

पण पोरी डावं ऑल्ट दाबायच्या. उजव्यावर खूण हवी म्हणून मॅडम बाजारात शकुंतलाबाईंकडं गेल्या. शकुंतलाबाई म्हणजे क्लासमधल्या सारिकाची आई, त्यांचा बांगड्या-टिकल्यांचा गाडा आहे.

"म्याडम, तुमाला टिकली कशाला?"

"माझ्यासाठी न्हाय हो. लॅपटॉपला लावायचीय."

शकुंतलाबाईंचा चेहरा जराही हलला नाही. "मग खड्याची न्या. लई दिवस ऱ्हाती!"

*

एकदा लॅपटॉप दुरुस्तीला सोलापूरला पाठवले. मेकॅनिक चांगला माणूस, स्वतः आणून दिले. वर म्हणतो, "मॅडम, सगळ्यांच्या कीबोर्डला काहीतरी चिकटलं होतं, घासून साफ करून दिलंय. त्याचे पैसे नकोत!"

मॅडमनी त्याला चहा पाजला, बिस्किटं दिली आणि शकुंतलाबाईंच्या गाड्याचा पत्ता सांगितला. "खड्याच्याच आणा. आणि लावूनच जा!"

*

आता सारिकाचं. हुशार पोरगी, पण तिची आई कंटाळली होती. गाड्यावरच मॅडमना म्हणाली, "लई शिकली म्याडम. या बारीला पास झाली तर जाईल तिकडं. न्हाय झाली तर आयतवारी पावणे बघायला बोलावते. पुन्हा मला अडवायचं न्हाय."

मॅडम म्हणाल्या, "न्हाय अडवणार."

परीक्षा जर्मनीच्या हॉस्पिटलची, ऑनलाइन, क्लासच्याच लॅपटॉपवर. मध्येच काही मेसेज उगवू नये म्हणून मॅडमनी मुद्दाम त्या लॅपटॉपवर नवंकोरं अकाउंट काढून दिलं. सारिका आत एकटी, कॅमेऱ्यासमोर. काचेच्या दाराबाहेर मॅडम, मी आणि शकुंतलाबाई.

बघतो तर सारिका टिकलीवर बोट ठेवतेय, उचलतेय, पुन्हा ठेवतेय. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "या अल्ला! नव्या अकाउंटला कंपोज लावायचंच राहिलं भाऊ!"

आत जाता येईना, बोलता येईना. मॅडमनी दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती.

सारिका थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिली. मग भराभर माऊस फिरवायला लागली. वर जायची, खाली यायची, पुन्हा वर. प्रश्न जर्मनमध्येच छापलेला, टिंबांसकट! तिथलं एकेक अक्षर उचलून ती आपल्या उत्तरात आणून ठेवत होती.

"काय करतीया ती?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"शेजारणीकडनं साखर आणतीय," मॅडम म्हणाल्या आणि तिथंच पायरीवर बसल्या.

पास झाली. आयतवारी पाहुणे आले नाहीत.

*

सारिका निघाली त्या दिवशी एसटी स्टँडवर शकुंतलाबाई काही रडल्या नाहीत. गाडी हलायला लागली तेव्हा खिडकीतून एक पाकीट आत सरकवलं. "खड्याच्या हायत. तितल्या कॉम्पुटरला लाव."

मॅडमनी तोंड उघडलं होतं. तिकडच्या कीबोर्डवर टिंबांची बटणं आधीच असतात, तिथं टिकलीचा काही उपयोग नाही, हे सांगायला. त्यांनी ते मिटलं.

मग बऱ्याच दिवसांनी सारिकाचा व्हिडिओ कॉल आला. क्लासमध्ये आम्ही सगळे लॅपटॉपभोवती, शकुंतलाबाई मधोमध. सारिका तिकडं वॉर्डातल्या टेबलाशी बसली होती. आईनं पहिलाच प्रश्न टाकला, "लावली का गं?"

सारिकानं फोन कीबोर्डवर धरला. उजव्या ऑल्टवर टिकली चमकत होती.

"आई, आमच्या मोठ्या सिस्टर रोज इचारत्यात, हे दाबल्यावर काय होतं म्हणून."

"मग तू काय सांगती?"

"म्हणते, काय न्हाय होत. बरं वाटतं."