सोबतीला जाणारी शकू

आमच्या कोपरीच्या चाळीत समोरच्या खोलीत राहणारी शकू भित्री आहे, हे मी आधीच सांगून टाकते. पाल दिसली की पलंगावर चढते. रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरून भांडायचं असलं की मला पुढे करते. आणि हीच बाई इतकी वर्षं परक्या पोरीबाळींना घेऊन पोलिसांकडे जायची.

कल्याणच्या एका सल्ला केंद्रात ती कामाला होती. जात विचारून भाड्याचं घर नाकारलेले, कामावर वेगळे बसवलेले, असे लोक तिथे यायचे. केंद्र एका संस्थेचं, पण चालायचं सरकारी अनुदानावर. वकील अधूनमधून यायचा, बाकी सगळं शकूच्या गळ्यात. तिची पद्धत ठरलेली. रडत आलेल्या माणसाला आधी चहा, मग प्रश्न. कागदावर पत्ता केंद्राचा द्यायचा, घरचा नाही, म्हणजे समोरची पार्टी कुणाच्या दारात येऊन उभी राहत नाही. आणि जबाबाला कुणाला एकटं पाठवायचं नाही. "मी भित्री आहे ना, म्हणून मला कळतं सोबत काय असते ते," म्हणायची.

यंदा अनुदान आलंच नाही. खात्याचे साहेब म्हणाले, केंद्र बंद नाही करत, एकत्रीकरण करतोय, लोकांना हेल्पलाइनचा नंबर द्या. मी मुद्दाम लावून बघितला. मराठीसाठी एक दाबा. दाबला एक, तर पुन्हा तीच टेप. असला संताप आला मला. लोकांच्या तोंडाला पानं पुसायची, दुसरं काय.

कुलूप लागलं तेव्हा कल्पिताचं प्रकरण अर्धवट राहिलेलं. मानपाड्याकडे बाटल्यांना लेबलं लावणाऱ्या एका छोट्या कंपनीत ही मुलगी होती. तिची जात कळल्यावर सुपरवायझरनं तिचा पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला. तिनं विचारलं, तर सगळ्यांसमोर जातीवरून नको नको ते बोलला. तिनं तक्रार केली. आता जबाबाला बोलावणं आलेलं, आणि तिचं एकच म्हणणं, "मावशी, तुम्ही असाल तर जाईन. नाहीतर राहू दे सगळं."

शकू गेली. पगार बंद, ओळखपत्र परत केलेलं, तरी गेली.

आली ती पांढरीफटक होऊन. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं, तुम्ही कोण? आजवर 'केंद्राकडून आले' म्हटलं की खुर्ची मिळायची. आता काय सांगणार? 'ओळखीची आहे' म्हणाली. मग नाव सांगा, पत्ता सांगा. हिनं घरचा सांगितला, चाळीच्या नावासकट, खोलीच्या नंबरासकट. मागच्या बाकावर सुपरवायझरचा भाऊ बसलेला. त्यानं मोबाइल काढून सगळं टिपून घेतलं. जबाब तर झालाच नाही. साहेबांना कुठेतरी निघायचं होतं, गुरुवारी या म्हणाले.

"अगं, खोटा पत्ता द्यायचा होतास," मी म्हटलं.

"पोलिसांना? जीभच वळली नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शकूकडे दोघं आले. मी माझ्या दारात मेथी निवडत होते, मला सगळं ऐकू येत होतं. शिवीगाळ नाही, चढा आवाज नाही. कडक इस्त्रीचे कपडे, हातात मिठाईचा पुडा. चपला बाहेर काढून आत बसले.

"ताई, पोरगी अजून लहान आहे, तिला समजवा," त्यातला एक म्हणाला. "तुमचा राजरत्न पण मानपाड्यालाच कामाला ना? बाइकवरून येतो. तिकडचे रस्ते लय खराब. जपून चालव म्हणावं."

एवढंच बोलले आणि उठले. शकूनं पाणी पुढे केलं, तर नको म्हणाले.

राजरत्न शकूचा एकुलता एक. तिचा नवरा, कुंडलिकभाऊजी, गेल्यापासून तिला दुसरं कोण आहे? मी म्हटलं, पोलिसात सांगू. "काय सांगू? मिठाई दिली म्हणून?" ती म्हणाली. पोरगा घरी येईपर्यंत ती कठड्याला धरून उभी होती. खाली बाइकचा आवाज आला की वाकून बघायची.

मी सरळ सांगितलं, आता पुरे, तू जायचं नाहीस.

गुरुवारी सकाळी साडी नेसून तयार होती, पण पाऊल काही उचलत नव्हतं. पायात चप्पल घालायची, पुन्हा काढायची. तेवढ्यात कल्पिताचा फोन आला. शकूनं स्पीकरवर टाकला.

"मावशी, काल त्यांनी मला कंपनीच्या गेटवर गाठलं. तुमच्याकडे येऊन गेले ते सांगितलं," कल्पिता म्हणाली. "तुम्ही नका येऊ. राजरत्नदादाला काही झालं तर मी काय करू? मी एकटी जाते. सांगते, ग्लास वेगळा नव्हता, माझाच गैरसमज झाला."

शकू काहीतरी म्हणेल म्हणून मी बघत राहिले. तिकडे पोरगीही थांबली होती.

"बरं," शकू म्हणाली आणि फोन ठेवला. उंबऱ्यातच मटकन खाली बसली. मी पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही.

"मला बरं वाटलं गं," ती म्हणाली. "पोरगी एकटी जातेय खोटं सांगायला, आणि मला बरं वाटलं."