तांडेलाची पेटी

पौषातला उत्तरेचा वारा असा सुटला होता, की ओले बोंबील तीन दिवसांत कडक व्हावेत. सातपाटीच्या किनाऱ्यावर जयवंती उजाडल्यापासून घरापुढच्या वलांडीखाली, बोंबील वाळवायच्या बांबूंच्या मांडवाखाली, उभी होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, जोडी बांबूवर टाकायची. हात चालू होते, डोळे रस्त्याकडे. आज कृष्णकांत येणार होता.

बहारीनला माणसं पाठवणारा हा दलाल बोईसरला खोली घेऊन राहायचा. तीन वर्षांमागे त्याने सातपाटीची सतरा माणसं आगबोटीत चढवली. त्यांत जयवंतीचा नवरा आत्माराम होता. बोट सुटल्यावर कृष्णकांत एक पेटी घेऊन डेकवर फिरला. "मी तुमचा तांडेल. पासपोर्ट माझ्याकडे द्या, हरवाल कुठेतरी."

यात वावगं कुणाला वाटणार? दर्यावर गेलं की अंगठी, ताईत, पैसे सगळं होडीच्या म्होरक्याच्या, तांडेलाच्या पेटीत टाकायचं आणि बंदराला लागल्यावर परत घ्यायचं, ही इथली रीत. निघताना जयवंतीनेच नवऱ्याला बजावलं होतं, "तू येंधळा हायस. जो म्होरक्या असंल त्याच्याकडं दे समदं." पेटी बहारीनला उतरली ती थेट कंत्राटदाराच्या कपाटात. करार वर्षाचा होता. वर्ष सरलं, दुसरं सरलं, पासपोर्ट काही हाती येईना. आत्मारामच्या नावाने खुशालीची पत्रं मात्र वेळेवर यायची. आत्मारामला तर सहीपुरतंही अक्षर येत नव्हतं. आजारी पडला म्हणून हाकलून दिलेला एकजण घरी परतला, तेव्हा हे सगळं कळलं.

आपल्याच तोंडचे ते शब्द जयवंतीला रोज चावत होते. ती रडली नाही. बोंबलाची पाटी डोक्यावर घेऊन जवळच्या माहीमला ओळखीच्या तात्याकडे गेली. तात्याने वीस वर्षं आगबोटीवर नोकरी केली होती. त्याला एकेक विचारून तिने डोक्यात भरून घेतलं. आणि यंदा त्याच कृष्णकांतकडून सात पोरं बहारीनला निघाली, तेव्हा महिनाभर वलांडीखाली त्यांची रोज उजळणी घेतली.

"पासपोर्ट कुनाकडं?"

"माज्याकडं, काकी."

"पोलिसानं मागला तर?"

"दाखवायचा. त्याचं बगून झालं की तितंच परत घ्यायचा."

"कंत्राटदारानं मागला तर?"

"नंबर लिवून द्यायचा. पुस्तक नाय."

"पैसं?"

"अर्दे कमरंला, अर्दे पेटाऱ्यात."

"हरेश्वर, तुजे कमरंचे ताडीत जायचे रं! तुजे समदे पेटाऱ्यात."

पोरं हसली. ती नाही हसली. "आनि घरी खत धाडाल, त्या खताच्या खाली मासा काडायचा. मासा नसंल तर आमी समजू, खत दुसऱ्यानं लिवलंय."

शिडाच्या जुन्या कापडाचे खिसे शिवून तिने ते पोरांच्या बनियनला आतून लावून दिले. प्रत्येकाचा पासपोर्ट नंबर, कराराची नक्कल आणि तिकडच्या आपल्या सरकारी कचेरीचा पत्ता त्याच्या आईकडे ठेवला.

ऊन चढायच्या आत कृष्णकांत आला. पांढरी पँट, काळा चष्मा.

"काय मावशी, जमली का पोरं? गुरुवारची बोट आहे. पासपोर्ट आजच ताब्यात घेतो, कागदांवर शिक्के मारायचेत."

"जमलीत ना, शेट. पेटीबी आनलीय. माज्या सासऱ्याची, खऱ्या तांडेलाची." तिने सागवानी पेटी पुढे सरकवली. "पन पोरं बिथरल्यात. आदी तुमचा ठेवा, म्हंजे त्यांना धीर येईल."

कृष्णकांतला हसू आलं. हा तर त्याचाच डाव! बोटीवरही तो आपला पासपोर्ट आधी पेटीत टाकून दाखवायचा. कोटातून काढून त्याने तो आत टाकला. "घ्या! आता तुमचे."

जयवंतीने झाकण लावलं, कुलूप घातलं, किल्ली पोलक्यात टाकली आणि पेटीवर बसली.

"मावशी, मस्करी पुरे."

"मस्करी नाय. आत्मारामची बायको हाय मी."

चष्म्यामागे काय झालं ते दिसलं नाही. कपाळ मात्र घामाने डबडबलं. "चौकीवर जाईन मी!"

"जा की. पन सोला पासपोर्ट कुनाच्या कपाटात हायत तेबी सांग तितं. नाय सांगितलंस तर मी सांगन."

सातही पोरं जवळ सरकली.

"तुला काय पाहिजे, बाई?"

"पालघरला चल आनि कंत्राटदाराला तार कर. सोलाच्या सोला पासपोर्ट मानसांच्या हातात देयाचे. तात्याला इंग्रजी येतं, तो वाचून बगंल."

"करतो. मग माझा देशील?"

"आत्माराम या दारात उबा राहील तवा."

"माझी गुरुवारची बोट चुकेल, गं!"

"चुकंल. माजी तीन वर्सं चुकली."

"माझा धंदा बसेल!"

"बसू दे. तूबी बस हितं. कुनाची वाट बगत बसनं म्हंजे काय असतं, ते कलंल."

तात्या आणि दोन पोरं त्याला पालघरला घेऊन गेली. गुरुवारी पोरं निघाली, आपापला पासपोर्ट छातीशी घेऊन. कृष्णकांत मागे राहिला आणि रोज वलांडीपाशी येऊन हात जोडू लागला. ती पेटीकडे बोट दाखवायची. होळीच्या आधी चार दिवस आत्माराम आला. त्याने विचारलं, "त्याचा देऊन टाकू का गं?" ती म्हणाली, "पंधरा अजून येयाचेत."

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी ती माणसं पालघरच्या वाटेला लागेपर्यंत जयवंती पेटीवरून उठली नाही. मग उठली, पेटी घरात ढकलली. बाहेर पाटीत बोंबील तसेच पडले होते, वरचे सुकायला लागलेले. तिने दोन उचलले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात घट्ट अडकवला आणि जोडी बांबूवर टाकली.