खळ घातलेली बाही

त्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं असतं, तर आमच्या घरातलं एक माणूस एव्हाना सायकल चालवत असतं. पण दुकानात शर्टांच्या घड्या घालताना मला गप्प बसवत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी बाबांना म्हणालो, "संगीतशाळेच्या फाटकावर केवढं मोठं पोस्टर लागलंय. अठराच्या आतल्या वादकांची पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची स्पर्धा. नावं द्यायची मुदत उद्या संपतेय म्हणे."

बाबांची इस्त्री होती तिथेच थांबली. खाली एका वकिलाचा शर्ट होता. कॉलरवर बदामी रंगाचा त्रिकोण उमटला तेव्हा कुठे ते भानावर आले. वर माडीवर व्हायोलिनही थांबलं होतं. आमच्या माडीची जमीन फळ्यांची. खालचं बोलणं वर जातं, वरचं वाजवणं खाली येतं, आणि त्यामुळे या घरात आजवर कुणालाच काही लपवता आलेलं नाही.

माझी धाकटी बहीण अर्धा जिना उतरून खाली आली.

"दादा, जिभेला हाड नसतं हे मला माहीत आहे. निदान एखादं बटण तरी लावून घे."

मागाहून उलगडा झाला. बाबा तिला रोज शिकवणीहून आणायला जातात. पोस्टर लागल्यापासून ती त्यांना संगीतशाळेच्या फाटकासमोरचा रस्ता टाळून मागच्या गल्लीने आणत होती. "तिकडून सावली असते, बाबा." उन्हाने व्हायोलिनचं लाकूड तडकतं, म्हणून बाबाही खुशीने सावलीतून चालायचे. मुदत टळेपर्यंत एवढंच करायचं होतं तिला. तिचा तो सगळा बेत मी एका वाक्यात धुऊन, वाळवून, घडी घालून बाबांच्या हातात दिला.

मी तिला काचकुमारी म्हणतो. ती लहान असताना व्हायोलिन शिकवणारे एक गृहस्थ आमच्याकडे कोट धुवायला टाकायचे. त्यांनी एकदा काउंटरवर चढून बसलेल्या या पोरीचा हात हातात घेऊन म्हटलं, "फार छान बोटं आहेत. जपा." त्यांना बहुधा 'मुलीला शिकवा' असं म्हणायचं असावं. बाबांनी शिकवायला तर पाठवलंच, पण 'जपा' हे मात्र अगदी मनावर घेतलं. तेव्हापासून तिला सुरी नाही, चेंडू नाही, दाराची कडी नाही, गरम पातेलं नाही. तारांनी बोटांच्या टोकांना पडलेले घट्टे पाण्याने मऊ होतात, म्हणून भांडीही नाहीत. भांडी मी घासतो. माझ्या बोटांबद्दल अद्याप कुणी चकार शब्द काढलेला नाही.

बाबांना हसायला मला आवडतं, पण त्यांचे हात बघितले की हसू जरा आवरतं घ्यावं लागतं. मनगटापासून कोपरापर्यंत इस्त्रीचे चट्टे, जुने पांढरे आणि नवे लाल. ते एकदा आईला म्हणाले होते, "या घरात दोन हात तरी असे असू देत, की ज्यांना चटका म्हणजे काय ते ठाऊक नाही." आम्हाला ते कधीच असं बोलले नसते. फळ्यांच्या फटीतून ऐकलं.

बरं, पोरगी वाजवते सुरेख. फक्त समोरच्या स्टँडवर रचनेची पानं नसतात, रहस्यकथा असते. बोटं चढउतार करत असतात आणि ही पान उलटण्यापुरता गज उचलते. खाली बाबांना तो 'सुंदर विराम' वाटतो.

"हात म्हणजे पगारी नोकर आहेत," तिने मला एकदा सांगितलं. "ते हजेरी लावतात. मी बाहेर असते."

बाहेर म्हणजे कुठे, तेही मला माहीत होतं. शिकवणी सुटली की तिच्या मैत्रिणी सायकलींवर टांग मारून नदीकडे पसार होतात, आणि ही पेटी छातीशी धरून बाबांची वाट बघत उभी. सायकलवरून पडलं की माणूस हात टेकतो, मनगट जातं. सबब, सायकल नाही. मागच्या अंगणात बॉयलरच्या आडोशाला माझी सायकल उभी असते. बाबा गिऱ्हाइकांत गुंतले की ती जाऊन सीटवर बसायची, दोन्ही पाय पेडलवर घ्यायची आणि भिंतीला हात न लावता तोल राहतो का ते बघायची. राहायचा नाहीच.

तर, जिन्यात उभं राहून तिने बाबांशी सौदा केला. काउंटरपाशी ते वकील आपल्या कॉलरकडे बघत उभे होते, म्हणजे साक्षीदारही आयता मिळाला.

"पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. ही शेवटची स्पर्धा. उतरते. पण नंबर आला नाही तर?"

"येईल की."

"नाही आला तर, बाबा?"

बाबा वकिलांकडे बघून ओशाळं हसले. "नाही आला तर बोटं तुझी. काय करायचं ते कर."

मग ती माझ्याकडे वळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आणि तू. मला यात ढकललंस ना? नंबर येवो न येवो, स्पर्धा झाली की सायकल शिकवायची."

"शिकवीन."

"शप्पथ?"

"आईशप्पथ."

"मला मध्ये घेऊ नका रे," आई आतून ओरडली.

हरायचं कसं, हे तिने नीट ठरवलं होतं. साफ बेसूर वाजवलं असतं तर बाबांच्या लक्षात आलं असतं. रचनेच्या शेवटी जलद भागात वरच्या सुरापासून खालच्या सुरापर्यंत एक लांब उतार होता. भले भले तिथे घसरतात. "तिथे मीही घसरणार," ती म्हणाली. "सभ्यपणे."

पण स्पर्धेच्या दिवशी आमचा धंदा आडवा आला. बाबांनी तिच्या पांढऱ्या, लांब बाह्यांच्या शर्टाला स्वतः खळ घातली होती. एरवी ती बेताची असते. या वेळी मुलीचं कौतुक होतं, त्यामुळे माप सुटलं. शर्ट खुंटीवर अडकवायची गरज नव्हती, नुसता ठेवला असता तरी उभा राहिला असता. रंगमंचामागे तिने सरावासाठी गज उचलला आणि कोपरातून आवाज आला, कड्.

"दादा, ही बाही आहे की पत्र्याची पन्हळ?"

"दुमड ना."

"दुमडत नाहीये! आणि बाबा पुढच्याच रांगेत बसलेत, बाह्यांकडे बघत." मग तिला हसू फुटलं. "जाऊ दे. बरंच झालं. हरायला मदतच."

ती मंचावर गेली, मी बाजूच्या पडद्याआडून बघत राहिलो. शाळेचंच सभागृह, घडीच्या खुर्च्या, समोर टेबलाशी तीन परीक्षक. पहिल्या सुरालाच बाही कडकली. मागच्या रांगांत कुणीतरी फिसकन हसलं. मधल्या परीक्षकबाईंनी मान वर केली. माझ्या बहिणीचे कान लाल झाले, आणि नंतर तिने जे केलं ते मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. ती स्वतःच्या हाताकडे लक्ष देऊ लागली. काठोकाठ भरलेला कप न सांडता न्यावा तसा गज हळूहळू ओढत होती, कोपर कुठे आणि किती वळवायचं ते दर सुराला नव्याने ठरवत होती. संथ भाग इतका संथ झाला की सभागृहातल्या खुर्च्या करकरायच्या थांबल्या. तिचा चेहरा ओळखीचा वाटला. कुठे पाहिलाय ते आठवलं: अंगणात, उभ्या सायकलवर.

जलद भाग येईपर्यंत घामाने खळ नरमली होती. हात एकदम मोकळा झाला. तो लांब उतार आला, आणि ती वरपासून खालपर्यंत ब्रेक न लावता, न डगमगता सुसाट उतरली.

मागे आल्यावर गज हातात तसाच धरून उभी होती.

"घसरायचं राहून गेलं."

"म्हणजे?"

"विसरले रे! बाही वाजू नये एवढंच डोक्यात होतं. उतार कधी आला नि कधी गेला..." तिने कपाळावर हात मारला. शर्ट कुरकुरला.

दुसरा नंबर आला. परीक्षकबाई म्हणाल्या, "वयाच्या मानाने विलक्षण संयम."

आई माझ्या कानात म्हणाली, "संयम कसला? बाहीत दोन वाट्या खळ आहे."

बक्षीस म्हणून एक कप मिळाला आणि त्याच बाईंकडे वर्षभर शिकायला मिळणार असं जाहीर झालं. बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. चट्टे पडलेले ते हात डोक्याच्या वर धरून, बाकीचे थांबले तरी वाजवतच राहिले. तिला हे मंचावरून दिसलं. तिथेच माझ्या लक्षात आलं की पोरगी अडकली.

परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले, "एवढं एक वर्ष. मग बोटं तुझी." आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यासाठी जाड लोकरीचे हातमोजे घेऊन आले, थंडीच्या दिवसांत सांधे आखडू नयेत म्हणून. आता तिच्या सरावाच्या शर्टांनाही खळ असते. खळीचं खरं काय झालं ते बाबांना कुणी सांगितलेलं नाही. कप काउंटरवर, वकिलांच्या कपड्यांशेजारी ठेवलाय. वकील आले की बाबा त्यांना साक्षीची आठवण करून देतात.

मी तिला एकदा विचारलं, "पण खरं सांग, तेव्हा वाजवताना मजा आली ना?"

तिने हातमोज्याचा एक धागा ओढून काढला.

"आली. तेच तर वाईट झालं. नसती आली तर बाबांशी भांडता आलं असतं."

स्टँडवर आता रहस्यकथा नसते. बाई भलत्याच कठीण रचना देतात, पुस्तक वाचत वाजवण्यातल्या नाहीत. कधी कधी वरचे सूर ऐकून मीही घडी घालायचा थांबतो. मग सूर तुटतो, आणि दणदण येरझाऱ्या ऐकू येतात, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. खाली इस्त्री थांबते. येरझाऱ्या थांबतात. पुन्हा व्हायोलिन.

सायकलचं म्हणाल, तर पुढच्या चाकात हवा नाही. भरता येईल, पंप दुकानातच आहे. पण तिला सायकलवर बसवलं आणि ती पडली, तर बाबांसमोर उभं कोण राहणार? "रविवारी नक्की," मी म्हणतो. रविवारी बाईंची जादा शिकवणी असते, हे मला ठाऊक असतं. तिलाही ठाऊक असतं.

परवा अंगणात गेलो तर सायकलची घंटा जागेवर नव्हती. संध्याकाळी घासलेली भांडी पुसून माडीवरच्या फडताळात लावायला गेलो, तर घंटा बहिणीच्या स्टँडला पान्याने घट्ट बसवलेली. ती सराव करत होती. माझ्याकडे न बघता तिने गज खाली घेतला आणि अंगठ्याने घंटा एकदाच वाजवली.

ट्रिंग.

खाली इस्त्री थांबली. "काय वाजलं रे?"

"गिऱ्हाइकाची सायकल, बाबा," मी खाली ओरडलो.

"मग बघ ना कोण आलंय!"

"बघतो," म्हणालो, आणि तिथेच उभा राहिलो. तिने व्हायोलिन पुन्हा हनुवटीखाली धरलं. खळीची बाही कडकली, आणि सराव सुरू झाला.