सातपैकी सात

भिलाईहून रायपूरच्या विमानतळाकडं निघालेली आमची गाडी कुम्हारीला ट्रकांच्या रांगेत अडकली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडीतला प्रत्येक माणूस मला उपदेश करतोय. मुलगा म्हणाला, पासपोर्ट पोटाशी धर. सून म्हणाली, विमानात थंडी वाजते, शाल वर ठेवा. नात रिया तेव्हा अकरावीत होती. तिनं चेहरा गंभीर करून सांगितलं, "आजी, हॉस्टेल में कोई रॅगिंग करे तो मले फोन करजो." हे, म्हणजे माझे यजमान, जन्मभर कारखान्याच्या भट्टीजवळ उभं राहून निवृत्त झालेले, खिडकीतून पुढच्या ट्रकच्या मागं लिहिलेला शेर वाचत होते. ट्रक हलला तसे बोलले, "तिथं कोनाले शिकवत नोको बसू. शिकाले चालली तू."

मी एकसष्ट वर्षांची होते आणि कॉलेजात चालले होते.

झालं असं की रियाच्या लॅपटॉपवर एक जाहिरात दिसली. मानसशास्त्र आणि शाश्वतता या विषयात एम.एस्सी., दोन देशांतली दोन विद्यापीठं, दोन पदव्या. पहिलं वर्ष हॉलंडमध्ये, दुसरं पोर्तुगालमध्ये. मी चष्मा लावून वाचायला लागले तर रिया म्हणाली, "आजी, ये बच्चों के लिए है." तिनं हे म्हटलं नसतं तर मी पुढं सरकले असते. मानसशास्त्राची बी.ए. मी नोकरी करता करता बाहेरून केली होती, शाळेत मुलांना शिकवून शिकवून इंग्रजी पक्कं झालं होतं, आणि निवृत्तीनंतर घरात मला कोणी ऐकत नव्हतं. अर्ज भरला. मुलाखत झाली. जागा मिळाली, शिष्यवृत्तीसकट. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "एकाच अभ्यासाच्या दोन डिग्र्या? हे तं डबल ड्यूटी झाली. ओव्हरटाईम देते का?"

भिलाईत राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं चंबूगबाळं उचलून कुठं कुठं गेलेल्यांनो, आज पोर्तुगालातल्या एका गच्चीवर वाळत घातलेल्या साडीच्या सावलीत बसून हे लिहितेय. साडी माझीच. ह्या गल्लीत दुसरी नाही.

पण मी घर सोडलं ते काही एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा नव्हे. एकविसाव्या वर्षी एकदा सोडलं होतं, आमगावजवळच्या खेड्यातून, लग्न होऊन, दुर्गच्या पॅसेंजरनं. त्या पोरीची मला आज फार गंमत वाटते. नागपूरला दोन वर्षं डी.एड. काय केलं, आकाशवाणीवर बातम्या सांगितल्यासारखी बोलायला लागली. 'मले' आणि 'तुले' तिनं हॉस्टेलच्या ट्रंकेत कुलूप लावून ठेवले. फलाटावर बाबा म्हणाले होते, "पोरी, जिथं जाशीन तिथल्यासारखी होजो." ती भिलाईला आली आणि भिलाईला आपल्यासारखं करायला निघाली.

शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकवायची. रविवारी आपल्या मंडळात मराठी पोरांना मराठी. एखादं पोर 'मले पानी पाह्यजे' म्हणालं की त्याला पाणी मिळायच्या आधी 'मला, तुला, आम्हाला' दहा वेळा लिहावं लागायचं. पोरांवर भागेना म्हणून सासूबाईंना सुधारायला घेतलं. बिचाऱ्या एकदाच म्हणाल्या, "सूनबाई, तुयी मराठी लय साजरी हाये, पन पोटात नाई उतरत." ह्यांनी माझ्यासमोर कमी बोलायचा मार्ग पत्करला. मी त्याला समजूतदारपणा समजत होते.

शाश्वततेच्या बाबतीत तर त्या बाईचं नावच घ्यायला नको. सासूबाईंचा पितळेचा बंब तिनं मोडीत घातला आणि लाल प्लास्टिकच्या बादल्या आणल्या. वर शेजारणींना चहाला बोलावून बादल्या दाखवल्या.

असो. हॉलंड.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पोरं एकदम गप्प. त्यांना वाटलं, प्राध्यापक आल्या. माझेही पाय सवयीनं फळ्याकडं वळलेच होते. दुसऱ्या बाकावर जाऊन बसले तेव्हा शेजारच्या ब्राझीलच्या मुलीनं हसून मला अर्धं बिस्किट दिलं आणि आमचं जमलं. सायकलवरून चाळीस वर्षं शाळेत गेलेली बाई मी. भिलाईच्या सेक्टरांमधले ते रुंद, सरळ रस्ते डोक्यात ठेवून तिथंही ऐटीत सायकल काढली. वारा असा की पायडल मारावं पुढं आणि जावं मागं. कालव्याच्या काठच्या झुडपात आडवी झाले. उठले आणि परत बसले. सांगते काय, तसा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

अभ्यासाचं तर विचारू नका. माणसाला माहीत असतं की पाणी वाया घालवू नये, तरी नळ सुरूच राहतो, हे का होतं? आमच्याकडं एका ओळीत मिटवतात, कळतं पण वळत नाही. ह्या लोकांनी त्या 'वळत नाही'वर कपाटं भरून लिहिलंय. मी ते अधाशासारखं वाचलं. सवय कशी पडते, लाज कशी काम करते, शेजाऱ्यानं केलं की आपण का करतो. प्रत्येक पानावर मला आमची गल्ली दिसायची, आणि दर तिसऱ्या पानावर लाल बादलीवाली मी.

तिथंच एका शनिवारी दुरुस्ती-कॅफेत गेले. मोडक्या वस्तू घेऊन लोक येतात, स्वयंसेवक त्या दुरुस्त करतात, सोबत कॉफी. एका तरुणानं माझी छत्री शस्त्रक्रिया केल्यासारखी उघडली, तार बसवली, तिचा फोटो काढला. सगळे हळू आवाजात बोलत होते. मला भिलाईतला सुपेल्याचा बाजार आठवला. कुकर, मिक्सर, चपला, छत्र्या, आणि प्रत्येक टपरीसमोर कमरेवर हात ठेवून उभी असलेली एक बाई. मनात म्हटलं, मिळाला विषय. भिलाईतल्या आपल्या बायका वस्तू दुरुस्त का करतात, आणि कधी सोडून देतात.

दुसऱ्या वर्षी पोर्तुगालला आले. माझी मार्गदर्शक मार्गारीदा, माझ्या मुलापेक्षा लहान. तिला नुसतं नावानं हाक मारायची पद्धत. माझ्या तोंडून दोन महिने 'मार्गारीदा मॅडम'च यायचं. तिच्या देखरेखीखाली मी तीस विधानांची प्रश्नावली केली. 'वस्तू दुरुस्त केल्यावर मला समाधान लाभते.' 'दुरुस्ती हा वेळेचा अपव्यय आहे.' प्रत्येकासमोर एक ते सात आकडे. मुळीच पटत नाही तर एक, पूर्ण पटतं तर सात. मधूनमधून विधानं मुद्दाम उलटी घालायची, म्हणजे माणूस वाचून उत्तर देतोय की नुसत्या खुणा करतोय ते कळतं. मराठी माझी, म्हणजे अगदी तुपात तळलेली. वर लिहिलं, 'हा माझ्या पदव्युत्तर परीक्षेचा भाग आहे. कृपया आपण कितपत सहमत आहात ते दर्शवावे.'

कागद रियाकडून छापून घेतले. वाटायचं काम पुष्पावहिनींनी घेतलं. पुष्पावहिनी म्हणजे आमच्या मागच्या लाइनीतल्या, नवरा रेल्वेत होता, मंडळाची सगळी हळदीकुंकवं त्यांच्या अंगणात. पंधरा दिवसांत साठेक कागद भरून आले. रियानं फोटो पाठवले. मी आकडे भरायला बसले आणि अर्ध्या तासात माझे हात थांबले.

सगळ्यांनी सगळीकडं सात लिहिले होते. दुरुस्तीनं समाधान लाभतं, सात. दुरुस्ती वेळेचा अपव्यय आहे, सात. मोडकी वस्तू लगेच फेकावी, सात. आणि कितीजणींनी खाली लिहिलं होतं, 'छान.'

पुष्पावहिनींना फोन लावला. त्या खुशीत होत्या. "बाई, झालं ना काम? तुमचा पेपर होता म्हने. आमी काय तुमाले कमी मार्क देऊ? सातपैकी सात देल्ले सगळ्याईनं. एकीनं पाच देल्ले होते, तिले म्या खोडाले लावलं."

"वहिनी, पण वाचून तर बघायचं होतं."

"वाचलं ना बाप्पा. पन ते अपव्यय काय हाये, आमाले काई समजलं नाई. तुमी लिवलं तं बरोबरच असन."

आता माझी अवस्था सांगते. प्रबंध द्यायला पाच आठवडे होते. तो गेला तर दोन्ही पदव्या जातात, कारण दोन्हींचा प्रबंध एकच. पुन्हा करायचा तर आणखी वर्षभर थांबायचं. विशीतल्या पोरांचं वर्ष म्हणजे चिल्लर, माझं तसं नाही, आणि घरी ह्यांनी सुनेचा डबा नाकारून दोन वर्षं स्वतःच्या हातची खिचडी खाल्ली होती. सबंध दुपार मी एक लबाडी घोळवली. उलटी विधानं गुपचूप काढून टाकायची. मग उरतं काय, तर दुरुस्तीवर जीव टाकणारं आदर्श भिलाई. कोण बघायला येणार होतं? चाळीस वर्षं पोरांच्या नकला पकडल्या, त्या बाईला ही युक्ती इतक्या लवकर सुचली, याचं मला कौतुकच वाटलं.

संध्याकाळी मार्गारीदाला खरं सांगितलं. ती इतकी हसली की तिचा चष्मा खाली पडला. मग म्हणाली, त्यांनी उत्तर दिलंच आहे, पण प्रश्नांना नव्हे, तुला. आता आकडे सोड, त्यांच्याशी बोल. तीन आठवडे देते.

तर मी व्हिडिओ कॉलवर बोलायला लागले. ह्यांनी आमच्या घरच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या, रोज दोघीतिघींना बोलवायचं, चहा करायचा, फोन समोर धरायचा. मी विचारायची, "आपण वस्तू दुरुस्त का करता?" समोरची बाई पदर सावरून ताठ व्हायची. "पर्यावरणाच्या रक्षणासाठी." दुसरी तेच. तिसरी तेच, वर 'जय हिंद' म्हणायचीच राहिली. तोंडी परीक्षा. आठवडा असाच गेला.

एका दुपारी पुष्पावहिनींनीही 'पर्यावरणाच्या' म्हणून सुरुवात केली, तसे हे फोनच्या मागून बोलले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा सुधारलं. "अवं, त्याईले 'कावून' म्हनून विचार ना. 'का करता' म्हटलं का इन्स्पेक्टर आल्यावानी वाटते."

कावून. हा शब्द मी शेवटचा कधी उच्चारला होता, आठवेना. किती पोरांच्या तोंडून मात्र काढून टाकला होता, ते आठवलं. घसा उगीच साफ केला आणि म्हटलं, "वैनी, तो तुमचा जुना कुकर कावून नाई फेकला वं?"

पलीकडं कपबशी ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग पुष्पावहिनी हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "बाई, तुमाले येते आपली बोली?"

"आमगावची हाव मी. मले नाई येनार तं कोनाले येईन?"

मग त्या बोलल्या. "बाई, तीन खेपा सुपेल्याले नेला तो कुकर. तो दुरुस्तीवाला म्हनते, अम्मा, नया ले लो. म्या म्हटलं, तू बनव. अर्धा घंटा भांडलो आमी. दोनी पोरं बाहेर गेले, हे गेले. घरात भांडाले कोन राह्यलं आता? कुकर बिघडला का मले बरं वाटते."

मी लिहीतच नव्हते. पेन हातात तसंच.

कुम्हारीहून सुनेच्या स्कूटरवर आलेली एक आजीबाई, सुनेला चहा आणायला पाठवून कुजबुजली, "जुना मिक्सर फेकला तं नवा सून आनन. मंग तो तिचा. हा चालते तंवर सैपाकाचा ओटा माया हाये." एकीनं शिलाई मशीन अजून ठेवलंय, कारण ते दुरुस्त करायच्या निमित्तानं भाऊ पलीकडच्या भिलाई-३ वस्तीतून येतो, एरवी येत नाही. पर्यावरणाचं नाव कोणी काढलं नाही. माझ्या तीस विधानांमध्ये ह्यातलं एकही नव्हतं.

मी झपाटल्यासारखी लिहीत सुटले. मार्गारीदानं मूळ वाक्यं तशीच ठेवायला लावली, खाली इंग्रजी. 'कावून'चं भाषांतर नुसतं 'का' असं करून सोडायला ती तयार नव्हती. मी तिला समजावलं की 'का' विचारणारा उभा असतो, 'कावून' विचारणारा शेजारी बसलेला असतो. ते तिनं प्रबंधात घ्यायला लावलं. तोंडी परीक्षेला परीक्षकांनी सांगितलं, एक उतारा मूळ भाषेत वाचा. अटलांटिकच्या काठावरच्या त्या सभागृहात मी पुष्पावहिनींचं भांडण मोठ्यानं वाचलं, एकही 'मले' न बदलता. वीसपैकी सोळा मिळाले. चार का कापले, ते मी विचारलंच.

ह्यांना फोन केला. म्हटलं, झाली तुमची डबल ड्यूटी. आणि म्हटलं, "मले तुमची आठवन येऊन राहिली."  मग हे बोलायला लागले ते तासभर. इतकं हा माणूस बोलतो, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. पुढच्या महिन्यात परत येतेय. कुठल्या घरी परत जातेय ते मात्र जरा नव्यानं बघावं लागणार आहे. जिथं चाळीस वर्षं राहिले तिथं मी बहुधा अजून पोचलेच नव्हते.

काल सकाळी पुष्पावहिनींचा फोन आला. मी दात घासत होते. "मले अजून एक कारन आठोलं कुकराचं."

म्हटलं, "वैनी, पेपर देऊन झाला. पास झाली मी."

"तं काय झालं?" त्या म्हणाल्या. "तू ऐक ना वं."

भिलाईत घराबाहेर मला आजवर सगळ्यांनी 'बाई' म्हटलं, 'तुम्ही' म्हटलं, आणि मीही ते हक्कानं घेतलं. मैत्रिणीला मारतात तशी 'वं' म्हणून हाक मारणारं तिथं कोणी नव्हतं. आता मारली, तर मी सात समुद्रांपलीकडं, तोंडात पेस्टचा फेस.

चूळ भरली, खुर्ची ओढली आणि म्हटलं, "सांग."