धुऱ्याला धुरा

कवितेचा इतका छळ माझ्या मामेसासऱ्यांखेरीज कोणी केला नसेल, आणि कवितेनंही इतक्या आनंदानं तो दुसऱ्या कोणाकडून सोसून घेतला नसेल. मामाजी, म्हणजे माझ्या बायकोचे मामा, मूळचे घुग्घुसकडचे. तिथलं वावर कोळशाच्या खाणीत गेलं, त्याच्या बदल्यात त्याच खाणीत नोकरी लागली, आणि निवृत्त झाल्यावर ते धानोऱ्याजवळच्या आपल्या सासुरवाडीला येऊन राहिले. दाढा पडल्या तरी सारं गाव त्यांना अजून 'जवाई'च म्हणतं. आता जावयाला काही काम सांगता येत नाही आणि मामाजींना स्वस्थ बसवत नाही, म्हणून त्यांनी गावाची कविता करायला घेतली.

स्वतः कविता करणारा माणूस टाळता येतो. मामाजी ती दुसऱ्यांना करायला लावतात. नियम असा की दर घरानं आपल्या जमिनीवर एक ओळ द्यायची. घरी बसून दिलेली चालत नाही. आपल्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, अनवाणी उभं राहून ती बोलायची, आणि ज्याच्या वावराच्या कडेचा धुरा आपल्या धुऱ्याला लागून आहे त्या शेजाऱ्यानं होकाराचं 'हाय' म्हटलं तरच ती पक्की. खाणीतली सवय म्हणून कामही पाळ्यांनी चालतं: पहिल्या पाळीत तलावाखालच्या बांध्या, दुसऱ्या पाळीत जंगलाकडच्या. डोक्यावर खाणीतलं हेल्मेट. चिखलात रोवणं करणाऱ्या बायांवर हे धुऱ्यावरून ओरडतात, "हिरवंगार नोका बोलू! हिरवंगार सगळ्याइचंच हाय. तुमचं काय हाय ते सांगा." एकदा येसूबाई वैतागून म्हणाली, "माह्या बांधीले पाणी शेवटी येते, तवर आभाळाकडं पाहाचं." मामाजींनी आनंदाच्या भरात ती ओळ तिच्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतली की रोवणं खोळंबलं आणि घरी मामींची बोलणी खावी लागली.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या दिवशी नाटकाच्या मांडवात, नाटकाआधी, ही अख्खी कविता घरोघरची माणसं उठून म्हणतात. त्यामुळे कोणाची ओळ काय हे साऱ्या गावाला पाठ. हे पाठांतर लटारूभाऊंना चांगलंच महागात पडलं. त्यांची बांधी तलावाच्या पाळीला, म्हणजे बंधाऱ्याला, लागून. त्यांनी छाती फुगवून ओळ दिली होती, "तलाव उघडला का पयला घोट माह्या बांधीचा." पुढं एका वर्षी पावसानं दडी मारली आणि तलावाचं पाणी कोणाला आधी द्यायचं हे ठरवायला गाव बसलं. लटारूभाऊ गळा काढून सांगू लागले की माझ्याकडे पाणी पोचतच नाही. त्यावर सगळ्या बैठकीनं एका सुरात त्यांचीच ओळ त्यांना म्हणून दाखवली, आणि शेजारी सवयीनं 'हाय' म्हणून मोकळा झाला.

"अरे, ते कवितेत बोल्लो होतो!"

"बांधीत उभं राहून बोल्ले होते ना, भाऊ," येसूबाई म्हणाली. पाणी तिला आधी मिळालं. लटारूभाऊ ओळ बदलून मागायला आले, तर मामाजी म्हणाले, "वावर बदला, मंग ओळ बदलवू."

त्या मंडईला लटारूभाऊंनी भर मांडवात उट्टं काढलं. "जवाई, साऱ्या गावाची ओळ झाली. तुमची कुठी हाय?"

मामाजी नुसतेच हेल्मेट सारखं करत बसले. कविता पुरी व्हायला एकच ओळ उरली होती आणि ती त्यांच्याच घरची होती.

दुसऱ्या दिवशी "घुग्घुसले चाला, जवाईबापू" म्हणत ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. ट्रकांची धूळ खात आम्ही खाणीच्या कुंपणाशी पोचलो. पहारेकऱ्यानं विचारलं, "क्या काम है?"

"वावरात उभं राहाचं हाय."

"वावर? किधर है वावर?"

मामाजींनी खाणीच्या खड्ड्यावरच्या मोकळ्या हवेत बोट दाखवलं. "ते काय, तिथी."

माती, दगड, कोळसा सगळं उपसून नेल्यावर वावराच्या जागी हवाच उरली होती. नियमाप्रमाणे उभं राहायचं तर मामाजींना उडावं लागलं असतं. मला हसू आलं. पण त्यांनी चपला काढल्या, कुंपणाची तार धरली, कोळशाच्या धुळीत अनवाणी उभे राहिले आणि म्हणाले, "आमचं वावर हाय, उभं राहाले जमीन नाई." माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

मी घाईनं 'हाय' म्हणालो.

"तुमचा धुरा लागून हाय का?" ते माझ्यावरच खेकसले. "शेजाऱ्यानं म्हणाले पाह्यजे."

शेजारी आता कुठले? वावरं गेल्यावर कोणी चंद्रपुरात गेले, कोणी लेकीकडे, कोणी कायमचे.

आता दरवर्षी ही ओळ सगळ्यांत शेवटी येते. पहिल्या वर्षी खुद्द लटारूभाऊ 'हाय' म्हणायला उठले होते, तर मामाजींनी हातानंच त्यांना खाली बसवलं. ओळ म्हणून झाली की मामाजी थोडा वेळ कान देऊन उभे राहतात. मला तेव्हा त्यांचा आणि त्यांच्या नियमांचा भयंकर राग येतो. एखाद्या मंडईला त्या गर्दीतून घुग्घुसकडचा कोणी म्हातारा उठावा आणि त्यानं एकदा 'हाय' म्हणावं, एवढंच मला वाटत राहतं.